सहा-आठ दिसले की दहा

मी एक जुना लाकडी गुण्या आहे. कंपासपेटीतला प्लास्टिकचा चिमुकला नव्हे, तर फळ्यावर काटकोन काढायचा, हातभर लांबीचा, पाठीला मूठ असलेला. मित्रांनो, आपली जीवनकहाणी सांगणाऱ्या वस्तूने गोड बोलावं अशी तुमची अपेक्षा असते. ती मी पुरी करू शकणार नाही. मला एका गोष्टीची इतकी किळस आली आहे की गोड शब्द तोंडात येतच नाहीत.

एका सुताराने मला सागाच्या फळीतून कापलं. माझा काटकोन तपासायला त्याने माझ्या कडेने एक रेघ ओढली, मग मला उलटं करून त्याच जागी दुसरी ओढली. दोन्ही रेघा एकमेकींवर बसेनात, तेव्हा "लबाड आहेस" असं पुटपुटत त्याने पुन्हा रंधा फिरवला. रेघा जुळल्यावरच माझ्या कडांवर मापाच्या खुणा रंगवल्या. त्यानंतर मी शाळेतल्या भूमितीच्या बाईंच्या हाती आलो. बाई काटकोन त्रिकोण काढून त्याच्या तिन्ही बाजूंवर चौरस काढायच्या. दोन लहान चौरस कापून, त्यांचे तुकडे मोठ्यात बसवताना मुलांच्या जिभा बाहेर यायच्या. बाई माझं कौतुक करायच्या, मला ओल्या फडक्याने पुसायच्या. त्या निवृत्त झाल्या आणि मी अडगळीत पडलो. पुढे मोडक्या बाकांबरोबर मी एका शिकवणीच्या क्लासमध्ये पोहोचलो.

टायरच्या दुकानावरची ती खोली. रबराचा वास, पंख्याला लोंबणारी जळमटं आणि मधोमध आमचे सर. मुलं पाठीमागे त्यांना शॉर्टकट सर म्हणत. सर माझ्या टोकाने पाठ खाजवत. माझ्याच कडेने झुरळ चिरडत आणि न पुसता त्याच कडेने फळ्यावर रेघ ओढत. शी! तरी खरं सांगतो, झुरळापेक्षा मला त्यांच्या शिकवण्याचीच जास्त शिसारी आली.

सर प्रवेश परीक्षेची तयारी करून घेत. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू दिल्या, तर तिसरी काढा, हा प्रश्न त्या परीक्षेत ठरलेलाच. पण प्रमेय समजावणं सरांच्या जिवावर यायचं. त्यांनी भिंतीवर आकड्यांचा तक्ता लावला होता.

"तीन-चार?" सर विचारत.

"पाच!" सगळा वर्ग ओरडे.

"पाच-बारा?"

"तेरा!"

"सहा-आठ?"

"दहा!"

कर्ण कोणता, काटकोन कुठे, कोणी विचारायचं नाही. मुलं आकडे गिळत होती आणि सर ढेकर देत होते.

त्या वर्गात रंगाऱ्याची एक मुलगी होती. तिचं प्रत्येक वाक्य "पण सर" असं सुरू व्हायचं, म्हणून मुलांनी तिचं नावच पणसर ठेवलं होतं. तिला तंत्रशाळेत नकाशे काढायला शिकायचं होतं. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती. "या खेपेला नाही जमलं, तर आत्याच्या इस्त्रीच्या दुकानात बसायचं," असं वडिलांनी बजावलं होतं.

एका सराव परीक्षेत कर्ण आठ, एक बाजू सहा, असा त्रिकोण आला. सरांनी आकृतीकडे न बघताच सांगितलं, "दहा."

"पण सर, कर्णच आठ आहे. बाजू कर्णापेक्षा मोठी कशी असेल?"

"अगं बाई, तू परीक्षेला चाललीस की भांडायला? सहा-आठ दिसले की दहा! डोकं चालवत बसलीस तर पेपर राहील अर्धा."

वर्ग खो-खो हसला. सरांनी मला टेबलावर दाणकन आपटलं. माझं एक टोक उडालं, काटकोन मात्र वाचला. ती खाली बसली. तिने मान खाली घातली आणि वहीतलं उत्तर खोडलं. संताप काय असतो, ते मला त्या क्षणी कळलं.

परीक्षा झाली, निकाल लागला. सर नव्या तुकडीकडून तक्ता पाठ करून घेत होते, तेवढ्यात पणसर दारात उभी राहिली.

"सर, तोच प्रश्न आला होता. कर्ण आठ, बाजू सहा."

"बघ! म्हटलं नव्हतं?"

"चौसष्टातून छत्तीस वजा केले. अठ्ठावीसचं वर्गमूळ आलं. पर्यायात होतंही. मग तुमचा आवाज आठवला. ते सोडून दहावर खूण केली."

"असू दे गं. एका प्रश्नाने काय होतंय?"

"एकानेच राहिले, सर."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. "नशीब एकेकाचं," असं म्हणून त्यांनी खडू उचलला. मला लाकडाचा जन्म मिळाला याचं त्या दिवशी वाईट वाटलं, कारण मला थुंकता येत नाही.

पणसर फळ्याकडे गेली. तिने मला खिळ्यावरून काढलं आणि फळ्यावर काटकोन काढला. माझ्या खुणांनी एक बाजू सहा मोजली, दुसरी दहा. मला टांगायची दोरी सोडवून तिच्यावर आठ खुणा मोजल्या आणि तो कर्ण म्हणून दोन टोकांमध्ये ताणला. दोरी पोहोचलीच नाही. मध्ये ढळढळीत फट राहिली. ती फट नव्या मुलांना दिसावी म्हणून पणसर बाजूला झाली, तिने मला टेबलावर ठेवलं आणि जिना उतरून गेली.

"हं, चला," सर फळा पुसत म्हणाले. "सहा-आठ?"

"दहा!" ऐवजी पहिल्या बाकावरून एक आवाज आला, "सर, यात कर्ण कोणता?"

मित्रांनो, पणसर आता इस्त्री करते. तिची जागा गेली ती गेलीच. म्हणून माझी एवढीच विनवणी आहे. मला पुसलं नाहीत तरी चालेल, माझं टोक जोडलं नाहीत तरी चालेल. पण "पण सर" म्हणणाऱ्या मुलीला कोणी हसलं, तर तुम्ही हसू नका.