विरजणातली घडी

मी एक घडी बोलतेय. लुगड्याची नव्हे गं बायांनो, विरजणातली. शिकलेले लोक मला प्रोटीन म्हणतात. म्हणोत बापडे.

दही लावणारा जीव एवढासा, डोळ्याला न दिसणारा. त्याच्या पोटात एक लांब दोरा, सगळी कामं त्यावर लिहिलेली. एका जागी लिहिलंय, डागडुजीवाल्यांना बोलवा. नेमकी तिथंच, ते लिहिलेलं झाकून, मी दुमडून बसते. बरे दिवस असताना खायला फुकटची माणसं कशाला?

चटका बसला की माझी घडी सुटते, मी दोऱ्यावरून घसरते. मग डागडुजीवाले येतात, घर सावरतात, आणि माझेच तुकडे करतात. पुढे नवी निघते, आपसूक तशीच दुमडते, त्याच जागी बसते. ती मीच का? मला विचारू नका. मेलेली बाई आपल्याच अंथरुणात परत यावी, तसं आहे ते.

लेबनॉनच्या डोंगरात म्हातारी उम्म फारिस राहायची. तिच्या मडक्यात मी कितीदा मेले, कितीदा बसले. तापल्या दुधात करंगळी घालून ती दहापर्यंत मोजायची. सातावर थांबून श्वास घ्यायची. दहापर्यंत सोसवलं, तरच विरजण. फारच भाजलं तर आम्ही सगळेच संपलो.

ती गेली. चाळिसाव्याला माणसं जेवायला येणार, म्हणून आदल्या दिवशी तिची लेक वदाद दही लावायला बसली. आईच्या हातचं विरजण चमचाभरच उरलेलं. तिनं करंगळी घातली, मोजू लागली. सातावर थांबली. मी दचकले. आवाज म्हातारीचा होता.

दहा झाले. चमचा दुधात गेला.

"उजवी घातलीस होय गं?" शेजारीण नज्ला म्हणाली. "भाकऱ्या भाजून तुझी उजवी कधीच मेलीय. आई डावी घालायची."

वदादनं डावी बुडवली, ती चारालाच बाहेर काढली.

"ओतून दे. माझं विरजण नेतेस का?"

"तुझ्या दह्याला बकरी तोंड लावत नाही," वदाद म्हणाली. डोळे पुसत तिनं मडकं गार पाण्यात ठेवलं. मग आईच्या शालीत गुंडाळलं.

तोवर मी सुटले होते. डागडुजीवाले धावले. पुढचं त्या नव्या घडीनं पाहिलं, किंवा मीच.

सकाळी शाल काढली. दही लागलं होतं. पाहुण्यांच्या आधी वदादनं चमचाभर बाजूला काढलं. चाटलं नाही, नुसतं हुंगलं.

त्या चमच्यात मी बसलेय, दुमडून. येते आता. दूध तापवलंत की डावी करंगळी घाला, दहापर्यंत मोजा. सातावर कुणी थांबलं, तर मागं वळून बघू नका. दूध बघा.