तिसरी निवडणूक बिनविरोध

मतदारसंघ मेला तेव्हा त्याचे वय पंचेचाळीस होते आणि त्याच्या नावावर अकरा निवडणुका होत्या. सीमा नव्याने आखणाऱ्या आयोगाने त्याचे तीन तुकडे केले आणि ते शेजारच्या तीन शहरांच्या पदरात टाकले. जिवंतपणी ज्याच्या रस्त्यांकडे कुणी ढुंकून पाहिले नाही, त्याचा इतिहास लिहिण्यासाठी मात्र सात जणांची समिती नेमण्यात आली. मेल्या म्हशीला मणभर दूध, म्हणतात ते हेच.

अकरापैकी सहा निवडणुका जिंकलेल्या थोरल्या साहेबांचे नातू समितीचे अध्यक्ष झाले. पाच सभासद सह्यांपुरते होते. उरलेले सगळे काम इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापिकेकडे आले. त्यांना सगळे नुसते बाई म्हणत.

ग्रंथाच्या शेवटी निकालांचा तक्ता होता. अकरा निवडणुका, अकरा ओळी. तिसऱ्या ओळीत थोरल्या साहेबांचे नाव होते आणि मतांच्या रकान्यात एकच शब्द: बिनविरोध. बाईंनी तो शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा पेन्सिल खाली ठेवली. त्या निवडणुकीत साहेबांच्या विरोधात बाईंची आई उभी होती.

आई त्या पट्ट्यातली सुईण. निम्म्या मतदारांची नाळ तिनेच कापलेली. आता ती एक्याण्णव वर्षांची होती, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असे, कानाने कमी ऐके आणि विसरत काहीच नसे. लेकीने तक्त्यातली ओळ वाचून दाखवली तेव्हा तिने खिडकीकडची मान वळवली.

"पडले असं खुशाल छापा," ती म्हणाली. "उभीच नव्हते असं छापू नका."

एवढेच तिचे मागणे. बाईंनी आयुष्यभर राजघराण्यांवर लिहिले होते. त्यांच्याकडे कोणत्याही राजाने इतके माफक मागणे मांडले नव्हते.

पुढच्या बैठकीला बाई आईची वही घेऊन गेल्या. जन्मांची नोंदवही होती ती, कारण घरात बांधीव वही तेवढी एकच. मोजणी तेव्हा पेटीनिहाय होई. सुईणीने मोजणीच्या टेबलाशी उभे राहून एकशे बारा गावांची आपली मते आपल्या नेहमीच्या रकान्यांत लिहून घेतली होती: गाव, वेळ, वजन. वजनाच्या रकान्यात मते.

अध्यक्षांनी वही लांब धरली. "बाई, या गावात चारशे बारा किलोचं मूल झालं म्हणता? आईची तब्येत कशी आहे?"

पाच सभासद हसले. सह्यांप्रमाणे हसणेही त्यांच्याकडे तयार असे.

"सरकारी निकालवही बघू या," बाई म्हणाल्या.

"त्या वर्षीची वाळवीने खाल्लीय. आधीची शाबूत, नंतरची शाबूत."

वाळवीइतका चोखंदळ वाचक बाईंना विद्यापीठातही भेटला नव्हता. अध्यक्षांनी ठराव मांडला: पुरावा म्हणून दोनच गोष्टी धरायच्या, सरकारी दप्तर आणि साहेबांच्या कुटुंबाचा संग्रह. संग्रह म्हणजे त्यांच्या दिवंगत आजीने, थोरल्या बाईसाहेबांनी, स्वतः चिकटवलेला फोटोंचा अल्बम.

"आजीच्या हातचं एक अक्षर खोटं निघालं तर मी ही खुर्ची सोडीन," अध्यक्ष म्हणाले.

वाक्य कानावर पडले की तारीख घालून ते टिपायचे, ही बाईंची चाळीस वर्षांची सवय. त्यांनी ते इतिवृत्तात जसेच्या तसे उतरवले. आपले वाक्य लिहून घेतले जात आहे हे पाहून अध्यक्षांना बरेच वाटले.

चौथ्या दिवशी दुपारी छापखानेवाल्याचा निरोप आला. बाई गेल्या तेव्हा तो ओल्या स्पंजने आणि पातळ पात्याने अल्बममधले फोटो सोडवत होता. पानांना बाक आला होता, फोटो सपाट केल्याशिवाय नीट छापले जात नव्हते. कुटुंबातल्या कुणीही तो गोंद पूर्वी सोडवलेला नव्हता. कशाला सोडवतील? पुढून साहेब दिसत होते, तेवढे त्यांना पुरे होते.

"बाई, चष्मा आणलाय ना? मग बसूनच वाचा."

फोटोत साहेब एका पेटीत कागद टाकत होते. अल्बमच्या पानावर त्याखाली लिहिले होते, "साहेब जनसेवेत मग्न". बाईंनी फोटो उलटा केला. पाठीवर पेन्सिलीने, त्याच वळणदार अक्षरात, चार ओळी होत्या.

तिसरी निवडणूक. शाळा, खोली दोन.
हे २१,४०६. सुईणबाई १९,८७२.
हे म्हणतात, पुन्हा ही बाई उभी राहता कामा नये.
मी शिडीला दिलं.

शिडी ही आईची निशाणी होती.

बाईंनी वही उघडली आणि एकशे बारा गावांची बेरीज केली. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. छापखानेवाल्याने कॅल्क्युलेटरवर तिसऱ्यांदा केली. तिन्ही वेळा एकच आकडा आला: १९,८७२.

"दुरुस्ती करून टाकू का? प्लेट अजून बनवलेली नाही."

"नको," बाई म्हणाल्या. "बिनविरोध ज्यांनी लिहिलंय, त्यांच्याच हातून खोडून घेऊ."

पुढची बैठक सकाळी अकराला भरली. बाईंनी मागचे इतिवृत्त वाचले, खुर्ची सोडण्याच्या वाक्यासकट. अध्यक्षांनी खाली झोकदार सही केली. मग बाईंनी टेबलावर फोटो ठेवला, तोंड वर करून.

"हा आपल्याच संग्रहातला ना?"

"अर्थात."

"साहेब काय करतायत?"

"मतदान," अध्यक्ष अभिमानाने म्हणाले. "स्वतः रांगेत उभे राहून मत द्यायचे ते."

"कुठल्या निवडणुकीत?"

"काय फरक पडतो? सगळ्या आमच्याच."

"आजींनी लिहून ठेवलंय. उलटा करा."

अध्यक्षांनी फोटो उलटला. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. दुसऱ्या ओळीवर ते मंदावले, चौथीवर थांबले. कानांच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या.

"काय लिहिलंय?" टोकाच्या सभासदाने विचारले. दोन वर्षांत त्याने चहाखेरीज काही मागितले नव्हते.

"तिसरी निवडणूक," बाई म्हणाल्या.

"ती तर बिनविरोध ना? मग हे मत कुणाविरुद्ध देतायत?"

कुणी हसले नाही. या प्रश्नावर हसायचे की नाही याची त्यांना सूचना नव्हती.

अध्यक्षांनी फोटोवर तळहात ठेवला. "आजीचं वय झालं होतं."

"तेव्हा त्या चाळिशीत होत्या. आणि अक्षर खोटं म्हणायचं असेल तर खुर्चीचं काय ते आत्ताच ठरवू. सही ओली आहे अजून." बाईंचा आवाज वर्गात हजेरी घेतल्यासारखा सपाट होता. "वहीतली बेरीज आणि तिथला आकडा एकच आहे. वरच्या तीन ओळी इतिहासाच्या. चौथी ओळ तुमच्या घरची. ती छापायची की नाही, ते तुम्ही ठरवा. मी ती वाचूनही दाखवणार नाही."

"ही दमदाटी आहे का?"

"छे. तळटीप आहे."

अध्यक्षांनी पाण्याचा पेला संपवला. मग स्वतःचे पेन काढले, तक्ता पुढे ओढला, तिसऱ्या ओळीतला शब्द खोडला आणि दोन आकडे लिहिले. दुसऱ्या आकड्यापुढे उमेदवाराचे नाव लिहिताना ते अडखळले. बाईंनी ते त्यांना सावकाश सांगितले, विद्यार्थ्याला सांगावे तसे. शेजारी त्यांनी सहीही केली. आजीचे अक्षर खरे निघाल्यामुळे त्यांच्या खुर्चीला धक्का लागला नाही. असा घरचा आहेर सगळ्यांच्या नशिबी नसतो.

दुपारी छापलेले पान घेऊन बाई घरी आल्या. आईने भिंग मागितले आणि ओळ बोटाने चाचपली, बाळाच्या पाठीचा कणा चाचपावा तशी.

"एक हजार पाचशे चौतीसनी पडले."

"हो."

"त्यात साहेबीणबाईंचं मत धरलंय ना?"

बाई दचकल्या. चौथ्या ओळीबद्दल त्या घरीही बोलल्या नव्हत्या. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मी शाळेच्या पायरीशी उभी होते. ज्यांनी मला दिलं नाही, त्या सगळ्या गोड हसून गेल्या. ती एकटी मान खाली घालून गेली." आईने भिंग मांडीवर ठेवले. "मोठ्याने वाच आता."

"वाचते."

"थांब. खिडकी उघड आधी."

बाईंनी खिडकीच्या दोन्ही झडपा उघडल्या, पान दोन्ही हातांत धरले आणि मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात तिसरी ओळ वाचली: विजयी उमेदवार, त्याची मते, आणि मग, जराही घाई न करता, आईचे पूर्ण नाव, अपक्ष, शिडी, एकोणीस हजार आठशे बहात्तर.

"पुन्हा," आई म्हणाली. "माझ्यापासून."