फक्त हात दिसतील

मित्रांनो, घाबरट म्हणून मला हसू नका. टीव्ही केंद्राच्या कपाटात, खालच्या फळीवर पडलेला जुना कॅमेरा मी. मला काळीज नाही, पण कुणी लोकर आणि सुया घेऊन समोरून गेलं की धस्स व्हायचं ते होतंच.

माझी भिंगं एका म्हाताऱ्या कारागिराने घासली, अगदी जीव ओतून. मग जहाजातून मी इथे, उत्तरेकडच्या समुद्रातल्या फॅरो बेटांवर आलो आणि हानुसच्या खांद्यावर बसलो. मेंढ्या, लग्नं, वादळं, सगळं टिपलं. "हा माझा तिसरा डोळा," असं हानुस येईल-जाईल त्याला सांगायचा आणि मी फुगायचो.

मग मार्युनचं काम आलं. ती एका लहानशा बेटावर बोटमालकाच्या कचेरीत टाइप करायची. बोटीला भेग आहे, असं मालकाला कळवणारं खलाशांचं पत्र तिनेच टाइप केलं होतं. मालकाने ते फाडलं, बोट समुद्रात पाठवली आणि तीन माणसं बुडाली. हे ती आम्हाला सांगणार होती. पण ती कोण हे कळलं, तर नोकरी जाणार आणि बेटावर राहणंही मुश्कील होणार.

आदल्या दिवशी मुलाखत घेणारी रान्वा आणि हानुस कागद घेऊन बसले. कुठून काय टिपायचं ते ठरलं. आधी पाठीमागून, मग खिडकीच्या उजेडासमोर नुसती काळी सावली. आवाज नंतर बदलायचा.

"वीस मिनिटं पाठ बघून लोक घोरायला लागतील की!" रान्वा म्हणाली.

"मग मधेमधे हात घेऊ," हानुस म्हणाला. "हातांवर काय नाव लिहिलंय?" आणि त्याने कागदावर तिसरी चौकट काढली.

मार्युन आली ती पांढरीफटक पडून. हातांना काहीतरी चाळा हवा, म्हणून तिने पिशवीतून अर्धवट स्वेटर काढला आणि विणायला घेतला. हानुस खूश! "वा बाई, अस्संच चालू दे!"

"मी ओळखू येणार नाही ना?" तिने तिसऱ्यांदा विचारलं.

"अगं, तुझी आईसुद्धा ओळखणार नाही," रान्वा हसली.

मी ते हात अगदी जवळून टिपले. टाका न् टाका स्वच्छ. इतकं सुरेख चित्र मी क्वचितच घेतलं असेल, आणि तरी मला सारखी भीती वाटत होती.

हानुस आणि रान्वा दोघंही शहरातले. मार्युनच्या बेटावर प्रत्येक घरची स्वेटरच्या काठाची वीण वेगळी. चर्चमध्ये पुढच्या बाकावरचा स्वेटर बघून तिथल्या बायका तो कुणी विणला ते सांगतात. मार्युनला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण तोंड लपलं म्हणजे आपण सुटलो, एवढंच त्या घाबरलेल्या डोक्यात होतं.

कार्यक्रम लागला आणि पहिला फोन तिच्या आईचाच आला. दुसऱ्या दिवशी मालकाने तिच्याकडून कचेरीची किल्ली काढून घेतली. दुकानात कुणी बोलेना. पुढे पुढे तर तिच्या दारात सडके मासे पडायला लागले.

पंधरा दिवसांनी ती केंद्रात आली, हातात सुटकेस घेऊन. हानुसला मान वर करवेना.

"बाई, माझं चुकलं..."

"ते राहू दे. माझं जहाज चारला सुटतंय. तो कॅमेरा आण."

रान्वा घाईघाईने कोरा कागद शोधायला लागली.

"कागद कशाला?" मार्युन म्हणाली. "ठेव समोर. आता लपवायला राहिलंय काय?"

तिने सरळ माझ्यात पाहिलं. आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग मालकाचं. मी तो चेहरा जसाच्या तसा टिपला.

पुढे नवे कॅमेरे आले आणि मी या फळीवर आलो. मित्रांनो, तुमच्या तर खिशातच कॅमेरा असतो. कुणाला टिपण्याआधी त्या माणसाला जवळ बोलवा, चौकट दाखवा आणि विचारा, "यात तुझं काही उघडं पडत नाही ना?" मार्युनला आम्ही सगळं सांगितलं, पण हे एक विचारलं नाही. विचारलं असतं, तर तिने तो स्वेटर तिथल्या तिथे पिशवीत टाकला असता.