नियमित, चार दिवस

रिपोर्ट आला त्या दिवशी मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी बायकोची वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "ही चौदा महिन्यांपूर्वी कुणी बघितली असती, तर वेळ हातात होता. आता कॅन्सर गर्भाशयाबाहेर गेलाय."

पाच महिन्यांनी बायको गेली.

वही कुणी बघितली नाही, ते सांगतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या डॉक्टरने. भिंतीवर सात प्रमाणपत्रं, आणि समोर बसलेल्या बाईकडे मान वर करून बघायची सवड नाही.

मी कारखान्यात बॉयलर चालवतो. दर तासाला वाफेचा दाब आणि पाण्याची पातळी लॉगबुकात लिहायची असते. आम्ही काय करतो? शिफ्ट सुटताना चहा पिता पिता आठ तासांचे आकडे एकदम भरतो. तसलेच रकाने हिने माझ्याकडून वहीत आखून घेतले. तारीख, किती पॅड, गाठी, चक्कर, झोप. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत रक्त दिसलं तर लाल फुली. ती रोजच्या रोज लिहायची.

"इन्स्पेक्टर येणारे का तुला तपासायला?" मी चिडवायचो.

"येऊ दे की. माझे आकडे तुमच्यासारखे चहात बुडवलेले नाहीत."

रिपोर्टच्या चौदा महिने आधी आम्ही गल्लीतल्या त्या डॉक्टरकडे गेलो, तेव्हा त्याने विचारलं, "पाळी नियमित?" हिला नाही, मला. ती पिशवीची चेन उघडत होती. दार सताड उघडं, बाहेर बाकावर चार पुरुष. मला लाज वाटली.

"हो. नियमित. चार दिवस," मी ठोकून दिलं.

"अहो, थांबा ना. डॉक्टर, मी सगळं लिहून आणलंय."

"वही? मोबाइलवर वाचून डॉक्टर झालात वाटतं, ताई!" तो हसला. मीही हसलो. त्याने कागदावर 'नियमित, चार दिवस' लिहिलं आणि रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. "या वयात व्हायचंच."

रस्त्यात ती एवढंच म्हणाली, "चार दिवस? कुणाचे, तुमचे?"

पुन्हा डॉक्टरकडे चल, असं मी म्हटलं नाही. तिनेही विषय काढला नाही. लिहीत मात्र राहिली.

ती गेल्यावर तो डॉक्टर औषधांच्या दुकानात भेटला. "वेळेवर आणायला हवं होतं हो," म्हणाला. निर्लज्ज माणूस. पण त्याला चार शब्द सुनवायला मला तरी कुठे तोंड होतं? आकडा माझा होता. त्याने फक्त उतरवून घेतला.

आता मुलगी त्याच्याविरुद्ध तक्रार लिहितेय. काल विचारत होती, "बाबा, पाळीबद्दल विचारल्यावर आई काय म्हणाली?"

"आठवत नाही," मी म्हटलं.

तिने ती ओळ कोरी सोडली आहे. उत्तर आईने नाही, मी दिलं होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.