बारावा वाटा

कॉफीच्या यंत्राने शेवटची गुरगुर केली आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. रीक्काने झटकन बटण बंद केलं आणि कान आतल्या खोलीकडे लावला. व्हायचं तेच झालं. दार किलकिलं झालं आणि पायमोज्यांवर घसरत हिल्ला बाहेर आली, केस पिंजारलेले, एक डोळा अजून मिटलेला.

"मीपण येणार."

"बंदूक कोण धरणार तुझी?"

"बाबा."

चुलीपाशी काळ्या पावाला लोणी लावत उभा असलेला योउनी हसला. "बाबा बंदूक धरेल गं, पण बाबाला कोण धरणार?"

योउनीला रक्त बघवत नसे. लहानपणी बापाने त्याला दोनदा मूसच्या, म्हणजे उत्तरेकडच्या थोराड हरणाच्या, शिकारीला नेलं होतं आणि दोन्ही वेळा उचलून घरी आणलं होतं. म्हणून यंदा सासऱ्यांचे गुडघे गेले आणि त्यांची जागा रिकामी झाली, तेव्हा अर्ज केला तो सुनेने. गाव महिनाभर हसलं. 'बायको मचाणावर, नवरा बन भाजतोय' हे दुकानात तिच्या तोंडावर म्हटलं गेलं. बन खरंच योउनी भाजायचा, वेलदोडा घालून, आणि हसणारेच ते डझनाने उचलायचे.

टेबलावर बातमीपत्राचा मसुदा पडला होता. हाउकिलाम्पी शिकार व मासेमारी मंडळाचं हे एकपानी पत्र वर्षभर तीच लिहीत होती. उमेदवारीच्या वर्षात नव्या माणसाच्या गळ्यात जी कामं पडतात त्यातलं हे एक. 'पाइक माशांची स्पर्धा: सर्वांत मोठा मासा उर्पोचा, सहा किलो दोनशे.' 'जनावरांना चाटायला मिठाचे खांब उभारून झाले.' 'मूस-भोजन नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी, सर्व जमीनमालकांना आमंत्रण.' आणि सगळ्यात खाली, 'नवे सभासद'. त्याच्यापुढे कोरं.

मंडळात यावर हात वर करून मतं घेत नसत. कुणी निकाल सांगतही नसे. पहिल्या शिकारीनंतर मांसाचे वाटे मांडले जात आणि ते ज्याचे त्याने मोजायचे. चमूत अकरा माणसं, म्हणून अकरा वाटे. बारा मांडले गेले, तर तुम्ही आत. अकराच राहिले, तर कॉफी प्यायची, भांडी विसळायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा.

सात वर्षं या गावात राहूनही ती 'योउनीची बायको' होती. वाट्यांच्या वेळी मात्र प्रत्येकाचं नाव मोठ्याने घेतात. तिला ते नाव ऐकायचं होतं.

"हात बघू," योउनी म्हणाला.

तिने हात पुढे केला. नखं कुरतडलेली होती.

"भीती?"

"छे! कधी एकदा जाते असं झालंय."

हिल्लाने तिच्या नारिंगी जाकिटाची बाही धरली. "आणि जंगलात हरवलीस तर?"

"हरवलं तर काय करायचं? ब्लूबेरी तोडायला गेलो तेव्हा काय शिकलो आपण?"

"जागचं हलायचं नाही. आई परत येतेच."

"मग झालं तर."

"पण तुझी आई तर लांब ताम्पेरेला असते," हिल्ला गंभीरपणे म्हणाली.

योउनीच्या हातातली सुरी लोण्यात पडली.

*

रीक्का सातव्या मचाणावर चढली तेव्हा दलदलीवर दहिवर पडलं होतं आणि त्यावरून धुकं सरकत होतं. उजाडता उजाडता वायरलेस खरखरला. शिकारीचा म्होरक्या उर्पो प्रत्येकाची हजेरी घेत होता.

"सात?"

"हजर."

"कोण हजर?"

"रीक्का."

"जागी आहेस ना गं? की योउनीनं दुलईसकट आणून बसवलीय?"

वायरलेसवर दोघं-तिघं खुसखुसले. तीही हसली, आणि त्याने बोटं जरा सैल झाली.

शेजारच्या, सहाव्या मचाणावर तौनो होता. वय अठ्ठ्याहत्तर, आणि शिकारीचे मोसम पन्नासाच्या वर. उमेदवारीच्या पहिल्याच दिवशी त्याने तिला सांगितलं होतं, "नेम चुकला तर माफ आहे. सगळ्यांचाच चुकतो. पण वायरलेसवर खोटं बोलायचं नाही. बाकीचे त्या शब्दावर बंदूक रोखतात." मग विडी काढल्यासारखा खिसा चाचपून, विडी सोडल्याचं आठवून, तो पुढे म्हणाला, "वीस वर्षांपूर्वी एकजण खोटं बोलला होता. त्याचा मुलगासुद्धा अजून नदीपलीकडच्या मंडळात जातो."

नऊच्या सुमाराला कुत्रा भुंकला. लांब, उत्तरेला. एकदा, दोनदा, आणि मग थांबेचना. रीक्काने मांडीवरची बंदूक उचलली. वर्षभर गवत कापलं, मिठाच्या गोण्या वाहिल्या, सरावाच्या धावत्या लाकडी मूसवर गोळ्या झाडून खांदा काळानिळा केला, ते सगळं या भुंकण्याकडे येत होतं.

"उठवलीत!" उर्पोचा आवाज पातळ झाला होता. म्हातारा माणूस, पण पोरासारखा. "मादी आणि पाडस. दक्षिणेला निघालीत. सहा, सात, तयार राहा. परवाना एका मोठ्याचा आणि एका पाडसाचा. आधी पाडस. पाडस पडल्याशिवाय मादीला हात लावायचा नाही. समजलं?"

"समजलं," सहा म्हणाला.

"समजलं," ती म्हणाली, आणि तिला स्वतःच्या आवाजातला आनंद ऐकू आला.

फांद्या मोडल्याचा आवाज झाला. स्प्रूस झाडांच्या काळ्या भिंतीतून आधी मादी आली, घोड्याहून उंच, गुडघ्यापर्यंत पाणी उडवत. मागोमाग, तिच्या पायांशी जवळजवळ अडखळत, लालसर तपकिरी पाडस. उघड्यावर आल्यावर मादीने वाट बदलली. पाडसाला कळायला दोन पावलं उशीर झाला. तेवढी जागा पुरे होती.

बार झाला. खांद्याला धक्का बसला. पाडस चार पावलं गेलं आणि पुढच्या पायांवर बसावं तसं खाली बसलं. मग आडवं झालं. पुन्हा हललं नाही.

"पाडस पडलं," ती म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "पडलं! एका गोळीत!"

"शाब्बास पोरी!" वायरलेस एकदम गजबजला. कुणी शीळ घातली, कुणी म्हणालं योउनीला फोन करा, बन वाढव म्हणावं. रीक्का हसत होती आणि गालांवरून पाणी येत होतं. तिने हातमोज्याने ते पुसलं, नवी गोळी नळीत चढवली, शिकवलं होतं तसं.

तेव्हा तिला मादी दिसली.

दलदल ओलांडून ती पलीकडच्या झाडीत शिरली होती. आता ती परत आली होती. कडेला, पिवळ्या पडलेल्या बर्च झाडाच्या बाजूला, ऐंशी पावलांवर, पूर्ण आडवी उभी. कान पुढे. मान खाली घालून तिने आवाज केला, खोल, घशातला. थांबली. पुन्हा केला. दोन पावलं पुढे आली, वळली, पुन्हा त्याच जागी येऊन उभी राहिली.

"सात," उर्पो म्हणाला, "मादी दिसतेय का? दिसत असेल तर घे. आता मुभा आहे."

बंदुकीवरच्या दुर्बिणीतल्या काट्यावर मादीचा खांदा अगदी नीट बसला होता. लाकडी मूसचाही असा बसला नव्हता कधी. रीक्काने श्वास सोडला. बोट चापावर होतं.

मादीने तिसऱ्यांदा आवाज केला.

रीक्काच्या अंगठ्याने सुरक्षेचा खटका मागे ओढून चाप बंद केला. टक्.

"सात? दिसतेय का?"

"नाही," ती म्हणाली. "गेली."

*

सगळ्यांच्या आधी तौनो पोचला. पाडसापाशी तो गुडघ्यावर बसला, जखम पाहिली आणि मान डोलावली. स्प्रूसची डहाळी तोडून त्याने तिच्या टोपीत खोचली. पहिल्या शिकारीची खूण. मग तो बर्चच्या दिशेने चालत गेला. दहिवरावर खुरांचे ठसे होते. एकाच जागी गोल गोल फिरून चिखल झाला होता. तिथे तो बराच वेळ उभा राहिला.

परत आला तेव्हा बाकीच्यांच्या हाका जवळ आल्या होत्या.

"माझ्या मचाणावरून," तौनो हातमोजे चढवत म्हणाला, "तो कोपरा दिसत नाही."

रीक्काने खाली पाहिलं. सहाव्या मचाणापासून त्या बर्चपर्यंतची सगळी झुडपं जुलैमध्ये तिनेच कापली होती. तौनो वर बसून सांगत होता, अजून थोडं डावीकडे, हां, आता लख्ख दिसतंय.

*

पुढचे पाच दिवस पाऊस लागला. मोठ्या जनावराचा परवाना तसाच राहिला. चमू रोज भिजून परत येई. कुत्र्याच्या पायाला काच लागली, चमूतल्या एर्कीला ताप भरला, आणि सौनाच्या वाफेतून बाहेर येताना उर्पो रोज एकच वाक्य बोले, "ती मादी हवेत विरली की काय देव जाणे." रीक्का तेव्हा कॉफीचे कप विसळत असे. तौनो कान खाजवत असे.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला वाटे मांडायचे ठरले. शेडमध्ये लांब टेबल धुऊन ठेवलं होतं. मांस एकाच पाडसाचं, पण कापून, हाडं वेगळी करून, तौनो ते वजनाने नव्हे, नजरेने लावत होता. मांडीचा तुकडा इथे, फासळी तिथे, इथलं जरा उचलून तिकडे.

"यंदाच्या मूस-भोजनात बटाट्याची शिकार करावी लागणार," कोणीतरी म्हणालं.

"बटाटा आडवा आला तर तुझा नेम लागतो का बघू."

योउनी बनांचा ट्रे घेऊन आला, टेबलाकडे पाठ करून. सगळे हसले. त्याच्यामागून हिल्ला आली. रीक्का भिंतीशी उभी राहून वाटे मोजत होती. आठ. नऊ. तौनोचे हात सावकाश चालत. दहा. अकरा. टेबलाचं टोक आलं. तौनोने सुरी पुसली.

रीक्काने कपांकडे हात नेला.

मग तौनोने टोकाशी ठेवलेली परात ओढली, तिच्यातून मानेचं मांस काढलं, दोन फासळ्या, पाठीच्या आतल्या मऊ मांसाचा एक चांगला तुकडा, आणि रिकाम्या कोपऱ्यात तो ढीग मांडला. त्याच्याकडे डोकं तिरकं करून पाहिलं. एक फासळी बदलली.

बारा.

योउनीने पाठ केलेलीच होती, पण त्याचा मोकळा हात मागे आला आणि त्याने तिची बोटं दाबली. तोही मोजत होता, आवाजावरून.

"सगळ्यांत लहान कोण?" उर्पो ओरडला. "हिल्ला! ये गं. टेबलाकडे पाठ. आणि वळून बघायचं नाही, नाहीतर नाक लांब होतं."

हिल्ला छाती काढून उभी राहिली. वर्षभर ती आईच्या मागे मागे इथे आली होती; अकराही नावं तिला बडबडगीतासारखी पाठ होती. उर्पोने सुरीचं टोक एका ढिगावर धरलं.

"हा कुणाचा?"

"एर्कीचा!"

"हा?"

"सेप्पो काकांचा!"

"हा कुणाचा?"

"तुझा!"

"अरे वा, मला हाडंच दिली की!" हशा झाला. नावं येत गेली, ढीग पिशव्यांत जात राहिले. तौनोचं नाव आलं तेव्हा त्याने टोपी काढून पोरीच्या पाठीला मुजरा केला. शेवटी कोपऱ्यातला एकच उरला.

"आणि हा कुणाचा?"

हिल्लाची अकरा नावं संपली होती. तिने बोटं मोजली. मग ती जागच्या जागी उडी मारून ओरडली, "माझ्या आईचा!"

"आईला नाव आहे की नाही?"

"रीक्काचा!"

टाळ्या पडल्या, कुणी टेबलावर मुठी आपटल्या. उर्पोने तिचा हात धरून गदागदा हलवला, म्हणाला, बातमीपत्रात नीट लिही, स्पेलिंग चुकवू नकोस. एर्की शिंकत शिंकत अभिनंदन करून गेला. रीक्काला एकाच वेळी हसू येत होतं आणि श्वास पुरत नव्हता. तिने पिशवी उचलली. ती जड होती, आणि तिची होती.

हिल्ला कोपऱ्यात वाकून काहीतरी पाहत होती. मीठ लावून पसरलेलं कातडं. तिने त्याच्या शेजारी स्वतःचा हात पसरून माप घेतलं.

"हे एवढंसंच?"

"पाडस होतं ते," उर्पो कौतुकाने म्हणाला. "तुझ्या आईनं एका गोळीत पाडलं."

"आणि त्याची आई?"

"ती लबाड निघाली. पळून गेली. पाच दिवस हुडकलं आम्ही."

हिल्लाने मान हलवली, मोठ्या माणसाची चूक झाल्यावर हलवायची असते तशी. मग ती येऊन रीक्कासमोर उभी राहिली. सगळे कॉफीचे कप हातात घेऊन पोरीकडे हसून बघत होते. एकटा तौनो सुरी पुसत होता. ती केव्हाच पुसून झाली होती.

"पळून कशी जाईल?" हिल्ला म्हणाली. "हरवलं तर आई परत येतेच. तू तर तिथेच होतीस ना, आई? मग ती परत आली तेव्हा तुला दिसली नाही?"