वाफ न धरणारी काच

उकळत्या केटलीच्या तोंडावर तिने काच धरली आणि मनातल्या मनात आकडे मोजले. साठ झाले, नव्वद झाले, तरी काच आपली लख्ख! काचेवर डोळ्यांना न दिसणाऱ्या, केसाहून हजारपट बारीक खुंटांचा लेप होता. तो पाण्याला थेंब धरूच देत नव्हता, सपाट पसरवून टाकत होता.

“वाफेने हात टेकले गं!” प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या. “जा, घरी नेऊन दाखव.”

काच रुमालात गुंडाळून ती निघाली खरी. पण दाखवणार कोणाला? घरात माणसं दोन, ती आणि बाबा, आणि दोघांत आठ महिन्यांचा अबोला. बाबांचा जन्म काचा कापण्यात, खिडक्यांना बसवण्यात गेला. हात थरथरू लागले तेव्हा दुकान लेकीने चालवावं, एवढंच त्यांचं म्हणणं. तिने ही नोकरी धरली आणि दुकान बंद झालं.

“काचेला लेप कसला लावतेस? काच पुसायची असते!” हे त्यांचं शेवटचं वाक्य. तेव्हापासून त्यांचं ताट झाकून ठेवायचं, दार हळू लावायचं आणि बोलायचंच झालं तर भिंतीशी.

ती घरात शिरली. बाबा खुर्चीत होते. मान कलंडलेली, तोंड अर्धवट उघडं. छाती हलतेय का? जाड स्वेटरातून काही कळेना. हाक मारायला जीभ रेटेना. तिने घाईघाईने रुमाल सोडला आणि काच त्यांच्या नाकाशी धरली.

काच लख्ख.

“बाबा!” ती अशी किंचाळली की वरच्या मजल्यावर कुणाची तरी खुर्ची सरकली. “बाबा, उठा ना! बाबा!”

त्यांनी दचकून डोळे उघडले. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग हातातल्या काचेकडे. कोणती काच धरली होती ते आत्ता डोक्यात उतरलं. दिवसभराच्या यशानेच तिच्या तोंडचं पाणी पळवलं होतं.

“मला वाटलं...” तिने काच पुढे केली. “ही वाफ धरत नाही, बाबा.”

बाबांनी काच घेतली. तोंडाजवळ नेऊन ‘हा’ केलं, उजेडाकडे धरून पाहिलं. पुन्हा एकदा ‘हा’ केलं. मग थरथरता अंगठा काचेच्या कडेवरून अगदी हळू फिरवला.

“कडा घासल्या नाहीत हिच्या कुणी?” आवाज गंजलेला होता. “हात कापशील, वेडे.”

आणि खुर्चीच्या हातांवर भार देऊन ते घासायचा दगड शोधायला उठले.