अठरा दिवसांचा ऋतू

बिल्ल्यावर सोनेरी शाईत ‘सत्कारमूर्ती’ असं छापलेलं होतं आणि त्याच्या आधी, जागा नसताना, कुणीतरी निळ्या पेनानं ‘सौ.’ कोंबलं होतं — लाल सॅटिनच्या चुण्या, खाली दोन शेपट्या, मागे टाचणी — आणि शीला तो तळहातावर घेऊन कपाटाच्या आरशापुढे केव्हाची उभी होती, कारण टाचणी लावली की सिल्कला भोक पडणार हे एक, आणि दुसरं म्हणजे मुळात ती लावायचीच कशाला. सौ. सत्कारमूर्ती. म्हणजे सत्कार यांचा आणि सौ. मी. हवामान कुणाचं, ते कुणी विचारलेलं नाही.

कल्याणच्या एका साप्ताहिकानं दिवाळी अंकासाठी स्पर्धा ठेवली होती: तुमच्या मनातलं आदर्श हवामान रचा, ऋतू किती आणि किती दिवसांचे ते ठरवा, प्रत्येकाला शंभरपैकी गुण द्या. महिपतनं — तिच्या नवऱ्यानं, अंबरनाथच्या एका कारखान्यात वीस वर्षं नकाशे काढणाऱ्या माणसानं — तिला न सांगता पाठवलं आणि पहिला नंबर आला. आज रविवार, चार वाजता कल्याणला वाचनालयात सत्कार, आणि तिथे तो ते स्वतः वाचून दाखवणार होता. ती पुढच्या रांगेत बसणार होती. अंकात नाव एकच, श्री. महिपत कदम, डोंबिवली पूर्व. त्याबद्दल विचारलं तर म्हणाला, फॉर्मवर एकाच नावाची जागा होती. जागा नव्हती म्हणे. बिल्ल्यावर बरी झाली.

बहात्तर सालच्या उन्हाळ्यात लग्न होऊन ती कळव्याला आली तेव्हा डोक्यावर सिमेंटचा पत्रा होता, पंखा नव्हता, नळाला पाणी सकाळी पाऊण तास, आणि पाठीवर घामोळं इतकं की ब्लाउज घालताना रडू यायचं. संध्याकाळी दोघं उंबऱ्यात बसायची, कारण आत बसवत नसे. असंच एकदा वैतागून ती म्हणाली होती, आपल्याकडे नसतं बाई असलं ऊन. माहेराबद्दल बोलत नव्हती ती, कशाबद्दल बोलत होती ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं... पण महिपतनं — एवढं मान्य करायला हवं — ‘आपल्याकडे म्हणजे कुठे’ असं विचारलं नाही. तो म्हणाला, “मग आपल्याकडे कसं असतं?” झालं, तिथून सुरुवात. मग रोज कामावरून आला, चपला काढल्या की तेच, आपल्याकडे आज काय चाललंय.

आपल्याकडे पाऊस आदल्या दिवशी कळवून यायचा आणि अकरा ते चार एवढाच पडायचा, म्हणजे माणसं कोरडी जाणार आणि कोरडी परत येणार. फक्त धुणं वाळायचं नाही, तो त्याचा दोष. प्रत्येक ऋतूला एक दोष हवाच, हा नियम माझा — निर्दोष ऋतू म्हणजे साखरेचं पाणी, त्यानं काय पोट भरतं? पावसानंतर दोन महिने कोवळं ऊन, दोष एवढाच की माणसं आळसावतात. मग थंडी, शेंगा भाजाव्याशा वाटतील अशी, पण ओठ न फुटणारी. ओठ नाही तर टाचा फुटू देत, काहीतरी फुटलंच पाहिजे असं हे म्हणाले आणि मी टाचा मान्य केल्या. उन्हाळा तर यांना नकोच होता. मी भांडले. उन्हाळा काढलात तर आंबा कशावर पिकणार, आणि कुरडया काय तुमच्या ड्रॉइंग बोर्डवर वाळत घालू? शेवटी चाळीस दिवसांवर तोडलं. गुणांचंही तसंच, दोघांनी एकेक आकडा बोलायचा आणि मग घासाघीस. उन्हाळ्याला बहात्तर मी मिळवून दिले, स्वतःच्या पाठीवर घामोळं असताना.

आणि आता ते सगळं पान सत्तेचाळीसवर एका तक्त्यात बसलं होतं, खाली परीक्षकांचा शेरा, ‘कल्पकतेला शिस्तीची जोड’. शिस्त असेल यांची. कुरडया कुणाच्या? आयत्या बिळावर नागोबा, आणि वर नागोबाला शाल-श्रीफळ. पण खरं सांगायचं तर — आरशातल्या बाईला खरं सांगायला हरकत नव्हती — नावाचं एवढं नव्हतंच. नाव गिळलं असतं तिनं. बायका लग्नात पहिलं तेच गिळतात, सवय असते. राग होता तो तक्त्यातल्या शेवटच्या ओळीचा. ऋतू पाचवा, अनाम. दिवस अठरा. गुण पस्तीस.

पस्तीस म्हणजे काठावर पास. सकाळीच शेजारच्या लक्ष्मीवहिनी अंक परत द्यायला आल्या होत्या, दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “भाऊजींनी झकास लिहिलंय हो. तो अठरा दिवसांचा तेवढा आमच्यात कुणाला कळला नाही. वारा नाही, सण नाही, पाहुणा नाही, मग करायचं काय माणसानं? पस्तीस दिले तेच पुष्कळ झाले.” आणि हसल्या. शीलाही हसली, अंक घेतला, दार लावलं आणि कणीक तिंबायला बसली ती इतकी तिंबत राहिली की शेवटी मालू, तिची मुलगी, म्हणाली, “आई, पुरे आता.”

पुष्कळ झाले म्हणे.

त्र्याहत्तरच्या भाद्रपदात ती माहेरी गेली, चिपळूणच्या पुढे. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात कुणाला विचारण्यासारखं काही नव्हतंच. मुलगा झाला. कळव्याला तार गेली, यांनी कारखान्यात पेढे वाटले. चार दिवस होता तो. मग दुसरी तार गेली... त्यानंतर आधी खोलीत आणि मग मागच्या पडवीत ती नुसती बसून राहिली. पाऊस संपलेला, ऊन अजून तापलेलं नाही, सकाळी जसा उजेड तसाच संध्याकाळी, झाडाचं पान हलत नाही. आई ताट आणून ठेवायची, तसंच उचलून न्यायची, बोलायची नाही. अठरा दिवस कुणी तिला ‘कसं झालं गं’ म्हणून विचारलं नाही, आणि तिला वाटलं होतं, असंच राहू दे, हे संपलं की मला उठावं लागेल.

कळव्याला परतले त्या संध्याकाळी उंबऱ्यात बसल्यावर यांनी भीत भीत विचारलं, आपल्याकडे आज काय चाललंय. आणि मी तिथल्या तिथे सांगितला. अठरा दिवसांचा. वारा नाही, सण नाही, उपास नाही, पाहुणा नाही, काही पिकत नाही, काही कुजत नाही, कुणी कुणाला काही विचारत नाही.  हे सवयीनं म्हणाले, किती गुण? मी म्हटलं, याला गुण द्यायचे नाहीत. “बरं,” म्हणाले. त्या एका ‘बरं’वर मी सोळा वर्षं विसंबले, चाळीतून ब्लॉकमध्ये आले, त्यानंतर आम्ही दोघांनीही त्याचा विषय काढला नाही, आणि आता हा माणूस गावाला वाटायला काढतो आणि वर त्याला पास करतो. कशात पास केलंत? कुठली परीक्षा होती ती?

बिल्ला तिनं पर्समध्ये टाकला. महिपतचा त्याच्या सफारीच्या खिशावर होता.

रिक्षा पत्रीपुलाशी अडकली. पुढे ट्रक, मागे ट्रक, महिपतच्या मांडीवर नाडीची फाइल, तिच्यात ते सुवाच्य अक्षरातले कागद — सकाळी बाथरूममध्ये तो मोठ्यानं वाचायची प्रॅक्टिस करत होता, तेव्हा शेवटचा परिच्छेद आला की नळ सोडत होता. तिला ते ऐकू आलं होतं. तिनं समोर बघत विचारलं, “सगळं वाचणार आहात?”

“सगळंच वाचायला सांगितलंय त्यांनी.”

“पाचवासुद्धा?”

त्यानं नाडी सोडली, पुन्हा बांधली. “पाचवासुद्धा.”

“पस्तीस कुणी दिले त्याला?”

“मी दिले.”

“द्यायचे नाहीत असं आपलं ठरलं होतं.”

“तुझं ठरलं होतं,” महिपत म्हणाला. आवाज चढवला नाही, पण रिक्षावाल्यानं आरशातून मागे बघितलं. “मला तो किती मिळाला, शीला? दोनच्या गाडीनं उतरलो, पाचच्या गाडीनं परत. नोकरी कच्ची होती. बाळंतिणीच्या खोलीत यायचं नाही म्हणाले. तोवर सगळं करून आले होते, मला त्याचं तोंडही बघायला मिळालं नाही. तुझ्या आईनं पाट मांडला, पोहे दिले, वर लिंबू पिळलं. जावई ना मी. खाल्ले. दुसरं काय करणार होतो? तीन तासांचे मला वाटले तेवढे दिले.”

पोहे. तिला ठाऊक होते ते पोहे. ती आत होती, खाटेवर, भिंतीकडे तोंड करून नव्हे तर दाराकडेच करून, आणि पडद्याखाली त्याचे पाय दिसत होते, धुळीनं माखलेले, एसटीच्या प्रवासानं सुजलेले, आणि बशीवर चमचा वाजत होता, आणि तिच्या मनात एकच वाक्य होतं — खातोय. हा माणूस खातोय. ते वाक्य तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही पुन्हा म्हणून दाखवलं नव्हतं. त्याच्यावर अठरा दिवस अंथरून ठेवले होते आणि कुणी हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं. आणि मालूच्या वेळी यांनी मला माहेरी जाऊच दिलं नाही. ठाण्याला हॉस्पिटलात नाव घातलं, आई रुसली, मी दोन महिने धुसफुसले, पुरुषी हेका म्हटलं. दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून होते, नर्सनं सांगितलं होतं मला, चहालासुद्धा उठले नाहीत. मी म्हटलं होतं, बरी हौस.

म्हणजे सोळा वर्षं हा माणूस गप्प बसला. बोलला का नाही? मला असा राग आला — त्याचा, आणि आईचा, बिचारीनं लिंबू पिळलं तिचा, आणि त्या पडद्याचा, तो काही भिंत नव्हता, एका हातानं सरकला असता. ऋतूतला वाटा मागायचा होता. त्या संध्याकाळी उंबऱ्यात म्हणायचं होतं, शीला, यातले नऊ दिवस माझे. दिले असते का मी?

रिक्षा दहा हात पुढे जाऊन पुन्हा थांबली. नसते दिले. एकसुद्धा नसता दिला, उलट म्हटलं असतं, तुम्ही पोहे खाऊन गेलात. हे तिला अगदी स्पष्ट दिसलं आणि ते दिसून काही बरं वाटलं नाही, राग काही ओसरला नाही, नुसता बाजू बदलून बसला. तीन तास. परक्याच्या ओटीवर बशी हातात धरून, आत बायको, बाहेर पोराचं नाव नाही की निशाणी नाही — आणि त्याला हा माणूस पस्तीस देतो? असल्या तीन तासांना? मी त्या जागी असते तर शून्य दिलं असतं, तक्ताच काढला नसता, आणि हा, आयुष्यभर सगळ्यांना काठावर पास करत आलेला... पस्तीस जास्त झाले, एवढंच त्याला सांगायला तिनं तोंड उघडलं, आणि आपल्याला रडू येतंय हे तिच्या उशिरा लक्षात आलं. ते रागाचंच होतं, दुसऱ्या कशाचं नव्हे.